धानाचा कट्टा, जिनिव्हाचा काटा

केशोरी आणि आसपासच्या गावांत दिवाळी आटोपली की मळलेला धान बारदान्यात भरला जातो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा इटियाडोह धरणाच्या बाजूचा मुलूख. इथे बोलताना क्विंटल क्वचितच येतो, हिशेब चालतो तो कट्ट्याचा. चाळीस किलो धानाचा एक कट्टा. खरेदी केंद्रावर त्याचा काटा होतो, सातबाऱ्यावरच्या ऑनलाइन नोंदीशी तो जुळवला जातो, आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू होते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. कट्ट्याला पडले ९४७ रुपये ६० पैसे.

ह्याच कट्ट्याचा आणखी एक काटा होतो, तो जिनिव्हात. तिथे जागतिक व्यापार संघटनेचे मुख्यालय आहे आणि सरकारने ह्या कट्ट्यापायी शेतकऱ्याला किती 'मदत' केली, हे तिथल्या नियमाने मोजले जाते. जागतिक व्यापाराचे नियम विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थेला कसे वळण देतात, ह्यावर बरेच लिहिले जाते, पण बहुतेक वेळा ते आयातशुल्काभोवती फिरते. माझ्या मते खरी मेख मोजमापात आहे. काय मोजायचे, कशाशी ताडून मोजायचे आणि काय मोजायचेच नाही, हे ज्याने ठरवले त्याने निम्मा निकाल आधीच लावलेला असतो.

नियम असा. एप्रिल १९९४ मध्ये मराकेशला झालेला आणि १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेला शेतीविषयक करार सरकारी मदतीचे रंगांनुसार गट पाडतो. संशोधन, प्रशिक्षण, आपत्तीनंतरचे साहाय्य ह्यांसारखा खर्च ग्रीन बॉक्समध्ये जातो आणि त्याला मर्यादा नाही. भाव ठरवून केलेली खरेदी मात्र अंबर बॉक्समध्ये पडते, कारण तिने बाजार वाकतो असे गृहीत धरलेले आहे. विकसनशील देशाला अशी मदत त्या पिकाच्या देशभरातल्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत करता येते. मदत काढायचे सूत्र सोपे आहे: सरकारी भावातून 'संदर्भ भाव' वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला मालाच्या प्रमाणाने गुणायचे. संदर्भ भाव कुठला? १९८६ ते १९८८ ह्या तीन वर्षांतला आंतरराष्ट्रीय भाव. तो तिथेच गोठवलेला आहे.

भारताच्या तांदळासाठी हा भाव टनाला २६२.५१ डॉलर, त्या वेळच्या रुपयांत ३,५२० रुपये. आता आपला कट्टा ह्या काट्यावर ठेवू. भरडाईचा सरकारी उतारा ६७ टक्के धरला तर चाळीस किलो धानातून २६ किलो ८०० ग्रॅम तांदूळ निघतो. (हा उतारा पडत नाही, तुकडा फार होतो, ही गिरणीवाल्यांची जुनी तक्रार, ती तूर्त बाजूला ठेवू.) रुपयांतल्या संदर्भ भावाने ह्या तांदळाची किंमत होते ९४ रुपये. सरकारने दिले ९४७. म्हणजे जिनिव्हाच्या वहीत एका कट्ट्यामागे ८५३ रुपये मदत.

हा आकडा उत्पादनखर्चाशेजारी ठेवून पाहावा. कृषिमूल्य आयोगाने ह्याच हंगामासाठी रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी मिळून क्विंटलला १,५७९ रुपये खर्च धरला होता. कट्ट्याला ६३२ रुपये. पऱ्हे टाकण्यापासून रोवणी, निंदण, कापणी, मळणीपर्यंत जो माल उभा करायला ६३२ रुपये लागले, त्यावर ८५३ रुपये मदत मिळाली असे हे गणित सांगते. शेतकऱ्याचा वरकड ३१६ रुपयांचा, आणि मदत त्याच्या अडीचपटीहून जास्त. गेल्या चार दशकांत डिझेल, खत, मजुरी, सगळेच वाढले. ती वाढसुद्धा इथे मदत म्हणून जमा झाली आहे.

भारत हा हिशेब डॉलरमध्ये मांडतो. डॉलरला ८५ रुपये धरले तर संदर्भ भावाने कट्ट्यातला तांदूळ ५९८ रुपयांचा होतो आणि मदत ३५० वर येते. शिवाय भारत प्रत्यक्ष खरेदी केलेलाच माल मोजतो. अमेरिकेला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. हिशेब रुपयांत करा आणि देशातले सगळे पीक धरा, कारण हमीभावाचा लाभ घेण्यास ते सगळे पात्र आहे, असे तिचे म्हणणे. मे २०१८ मध्ये तिने जिनिव्हात स्वतःची आकडेमोड सादर केली: २०१०-११ ते २०१३-१४ ह्या वर्षांत भारताची तांदळावरची मदत उत्पादनमूल्याच्या ७४ ते ८४.२ टक्के. कट्टा तोच, देशही तोच. चलन आणि गुणक बदलला की शेतकरी एका कागदावर गरजू दिसतो आणि दुसऱ्यावर लाडावलेला.

भारताच्या स्वतःच्या पद्धतीनेही पुढे मर्यादा ओलांडली गेलीच. २०१८-१९ मध्ये तांदळाचे उत्पादनमूल्य सुमारे ४३.६७ अब्ज डॉलर आणि मदत सुमारे ५ अब्ज, म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. तेव्हा २०२० मध्ये भारताने 'पीस क्लॉज'चा आधार घेतला. असा आधार घेणारा तो पहिलाच देश. डिसेंबर २०१३ च्या बाली परिषदेतली ही तडजोड अन्नसुरक्षेसाठीच्या साठ्यापायी मर्यादा ओलांडली तरी तक्रार होणार नाही अशी हमी देते. पण तिला अटी आहेत: आकडे वेळेवर कळवायचे, साठ्यामुळे व्यापार बिघडू द्यायचा नाही, आणि कार्यक्रम बालीच्या आधीपासून चालू असला पाहिजे. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचा ठरले होते. ब्युनोस आयरिस, जिनिव्हा, अबू धाबी अशा परिषदा झाल्या. तोडगा निघाला नाही.

मुळात संदर्भकाळ १९८६-८८ च का? कारण करार घडत होता तो त्या काळात, आणि बोलणी चालवत होते अमेरिका आणि युरोप. त्या वर्षांत ज्यांनी भरपूर मदत दिली होती त्यांना ती थोडी कमी करून पुढेही देत राहण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेला वर्षाला १९.१ अब्ज डॉलरपर्यंत, शिवाय मुभेची टक्केवारी वेगळी. भारताचे देशी भाव तेव्हा जागतिक भावाखाली होते, सरकारी मदत हिशेबात उणे निघाली, म्हणून भारताच्या वाट्याला हा हक्क शून्य. ज्याने मदत केली नाही त्याला पुढेही करता येऊ नये, हे सूत्र कोणी उघड बोलून दाखवले नसते, पण करारात ते व्यवस्थित बसले आहे.

पीस क्लॉजची आणखी एक अट केशोरीला वेगळ्या तऱ्हेने भिडते. तो फक्त पारंपरिक मुख्य अन्नपिकांना लागू आहे. केशोरीची ओळख मात्र लाल मिरचीचीही आहे. मिरचीला हमीभाव नाही, खरेदी केंद्र नाही, त्यामुळे अंबर बॉक्सचा प्रश्नच येत नाही. तिथे दुसराच करार गाठतो, अन्नसुरक्षितता आणि रोगनियंत्रणाचा. तोडलेली मिरची खळ्यात पसरतात, दिवसातून परतवतात. पहाटेचे दव किंवा अवकाळीचा एक शिडकावा लागला आणि ओल आत राहिली, की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. युरोपीय संघाची मर्यादा मिरचीच्या किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅमची, आपल्याकडच्या मर्यादेहून कडक. नियम चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही. विष ते विष. पण तो पाळायला ताडपत्री, सिमेंटचे खळे, वाळवणयंत्र आणि तपासणी लागते, आणि त्याचा खर्च परत आलेल्या मालाच्या रूपाने पायरी पायरीने खाली उतरत पिकवणाऱ्यापर्यंत पोचतो. गंमत अशी, की वाळवणीच्या सोयींवर आणि प्रशिक्षणावर सरकारने केलेला खर्च बराचसा ग्रीन बॉक्समध्ये बसू शकतो. तिथे जिनिव्हाने आपले हात बांधलेले नाहीत.

इथे घरच्या बाजूकडे यावे लागते, कारण सगळे खापर करारावर फोडणे प्रामाणिक होणार नाही. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. एवढा मोठा निर्यातदार अन्नसुरक्षेच्या नावाने सूट मागतो तेव्हा इतर निर्यातदार देश भुवया उंचावतात, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नाही. सरकारी साठ्यातला माल निर्यात होत नसला तरी त्याच्यामुळे मोकळा राहिलेला खासगी माल बाहेर जातोच.

आणि मग २०२३. २० जुलैला भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ऑगस्टअखेर उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क बसवले. जागतिक भाव २००८ नंतरच्या उच्चांकावर गेले. बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ ला. मधल्या काळात खरिपाचा एक आणि उन्हाळी धानाचा एक, असे दोन हंगाम निघाले. देशातला भाव चढू नये हाच बंदीचा उद्देश होता. जो धान केंद्रावर न जाता व्यापाऱ्याकडे गेला त्याच्या मालकाने हा उद्देश स्वतःच्या खिशातून पूर्ण केला. व्यापार नियमांत निर्यातबंदीला जवळपास मोकळीक आहे. अन्नटंचाईच्या नावाखाली ती तात्पुरती घालता येते, आणि विचार झालाच तर आयात करणाऱ्या देशांचा होतो, पिकवणाऱ्याचा नाही. ओईसीडी ह्या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, संघटनेच्या मोजणीत, जी चालू जागतिक भावाशी तुलना करते, भारतीय शेतकऱ्याला मिळणारी एकूण मदत वर्षानुवर्षे उणे येते. म्हणजे दिल्यापेक्षा घेतले जास्त.

महाराष्ट्राने २०२४-२५ साठी धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहन दिले. करारात राज्याची मदतही देशाच्या खात्यात धरली जाते, त्यामुळे धानासाठी दिलेली ही रक्कम मदतीच्या हिशेबात येते. बंदीच्या काळात त्याच बांधीतून जे गेले, ते टिपायला मात्र रकाना नाही. संदर्भ भाव महागाईप्रमाणे बदलावा ही भारताची मागणी रास्त आहे आणि ती सोडता कामा नये. पण जिनिव्हाला जाणाऱ्या शिष्टमंडळाने आपल्या कागदांत हा दुसरा रकानाही आखून न्यावा, आणि निर्यात बंद करताना त्यातली रक्कम धान उत्पादकाला चुकती करायची सोय दिल्लीने त्याच आदेशात करावी.