प्रत्येक तास भाषेचाच

शाळेच्या वेळापत्रकावर नजर टाकली म्हणजे ज्ञानाची वाटणी कशी झाली आहे हे चटकन ध्यानात येते. पहिला तास गणिताचा, दुसरा भाषेचा, तिसरा इतिहासाचा, चौथा शास्त्राचा. घंटा झाली की भाषेचे पुस्तक दप्तरात जाते आणि वाचायला-लिहायला शिकविण्याची जबाबदारीही त्याच्या मागोमाग दप्तरात जाते. मुलाला उतारा उमगत नाही याचा दोष शास्त्राचे गुरुजी भाषेच्या गुरुजींवर ठेवतात; इतिहासाचे गुरुजीही तेच करतात. मूल मात्र एकच असते. ज्या डोळ्यांनी ते कविता वाचते, त्याच डोळ्यांनी त्याला नकाशा, कोष्टक आणि प्रयोगाची कृती वाचावयाची असते. ही भिंत पाडण्याचा एक मोठा प्रयत्न भोपाळ आणि नर्मदाकाठच्या शाळांत झाला. श्रोतेहो, त्याचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

भोपाळचे नाव घेतले की आपल्याला तलाव आठवतात, बेगमांचे राज्य आठवते आणि १९८४ सालच्या डिसेंबरातील ती विषारी रात्रही आठवते. अक्षरांशी असलेले या नगरीचे नाते त्या मानाने कमी परिचयाचे आहे. १९०१ ते १९२६ या काळात राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम ह्या स्वतः लेखिका होत्या. आरोग्य, गृहव्यवस्था, बालसंगोपन अशा विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले, मुलींच्या शाळा काढल्या, आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होण्याचा मान त्यांना मिळाला. घरातल्या रोजच्या व्यवहारावर पुस्तक लिहिता येते आणि ते वाचून व्यवहार सुधारता येतो, ही जाणीव त्या लेखनामागे होती.

पण आपल्या कथेचा दुसरा धागा महाराष्ट्रातून निघतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्या तालीमीची रूपरेषा आखली. तिचा गाभा होता समवाय. मूल सूत कातते, तेव्हा तारा मोजताना गणित येते, कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल येतो, कापडाच्या व्यापाराची कथा ऐकताना इतिहास येतो. आणि हे सारे सांगताना व टिपून ठेवताना भाषा येते. त्या काळी वर्धा, होशंगाबाद आणि बैतूल हे सारे एकाच मध्य प्रांतात होते व त्यांचा कारभार नागपूरहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि हे जिल्हे आपल्या नजरेआड झाले. विचार मात्र राज्याच्या सीमा मानीत नाहीत. सेवाग्रामला नव्या तालीमीचे काम केलेल्या मार्जोरी साइक्स ह्या क्वेकर पंथीय शिक्षिका पुढे होशंगाबादेलगतच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरमध्ये काही वर्षे राहिल्या.

ह्याच रसूलिया केंद्राने आणि बनखेडीजवळच्या किशोर भारती ह्या संस्थेने १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा नवा उपक्रम सुरू केला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आले होते. त्याच संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ उपक्रमात सामील झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पसरला. पुस्तकाचे नाव होते ‘बाल वैज्ञानिक’.

हे पुस्तक उघडले की पहिल्यांदा गोंधळच व्हावा. त्यात प्रश्न होते, कृती होत्या, रिकाम्या तक्त्यांचे नमुने होते. उत्तरे मात्र नव्हती. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी प्रयोग करावयाचा, दिसले ते आपसांत बोलावयाचे आणि आपापल्या वहीत आपल्या शब्दांत लिहावयाचे. पाने गोळा करून त्यांचे गट पाडावयाचे व कोणत्या खुणेवरून पाडले ते लिहावयाचे. माशीच्या अंड्यापासून माशी होईपर्यंतचा प्रवास रोज पाहून रोज टिपावयाचा. नाणे अनेकदा उडवून छापा किती, काटा किती याचे कोष्टक मांडावयाचे.

आता विचार करा, हा तास विज्ञानाचा की भाषेचा? कृती नीट वाचली नाही तर प्रयोग फसतो. वाचनातली चूक गुरुजींनी दाखविण्यापूर्वीच मुलाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. पुस्तकात उत्तर नसल्यामुळे उतरवून काढण्याची सोय नाही. लिहावयाचे तर आधी पाहावे लागते आणि पाहिलेल्याला शब्द शोधावा लागतो. फूल उकलण्यासाठी सुई हवी होती, तेव्हा खेड्यातल्या मुलांनी बाभळीचा काटा वापरला आणि तो सुईहून सरस ठरला. पुस्तकातल्या शब्दाला त्यांच्या शिवारातली वस्तू सापडली. वाचन याहून वेगळे काय असते?

परीक्षेतही हेच सूत्र पाळले गेले. मुलांनी पुस्तक व वही बरोबर घेऊन बसावे, आणि लेखी परीक्षेच्या जोडीने प्रात्यक्षिकही द्यावे, अशी योजना होती. ज्याने वर्षभर वही मनापासून लिहिली, त्याचा ग्रंथ त्याच्या हाताशी असे. शिवाय सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. कोणताही प्रश्न मनात आला की मुलांनी सवालीरामला पत्र लिहावे आणि त्याचे उत्तर यावे, असा प्रघात पडला. उत्तर येणार आहे ह्या खात्रीने लिहिलेले पत्र आणि गुणांसाठी लिहिलेले पत्र यांतील अंतर कोणत्याही शिक्षकास सांगावे लागत नाही.

१९८२ मध्ये ह्या कामासाठी भोपाळला ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. जुलै १९८५ मध्ये, वायुदुर्घटनेनंतर काही महिन्यांतच, तिने ‘चकमक’ हे मुलांचे मासिक काढले. त्यातील ‘मेरा पन्ना’ ह्या सदरात मुलांचे स्वतःचे लेखन व चित्रे छापली जात. १९८६ पासून नऊ शाळांत सामाजिक शास्त्राची नवी पुस्तके आली. त्यांतील माहिती कथेच्या, संवादाच्या ओघात दिलेली असे आणि तेथेही पुस्तक उघडे ठेवून परीक्षा होई. ज्याला सनावळी पाठ आहे त्याच्यापेक्षा ज्याला हवा तो मजकूर शोधून त्याचा अर्थ लावता येतो, तो विद्यार्थी तेथे पुढे जाई. १९८७ पासून प्राथमिक वर्गांसाठी ‘प्राशिका’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या ‘खुशी-खुशी’ ह्या पुस्तकांत भाषा, गणित आणि परिसर हे विषय एकत्र गुंफले होते. बैतूलच्या शाहपूर भागात घरी गोंडी वा कोरकू बोलणारी मुले शाळेत येत. अशा मुलांना ‘चूप’ म्हणण्याऐवजी गाणे, चित्र आणि गप्पा यांतून अक्षराकडे नेणे, हा त्यामागील विचार होता.

विलायतेत १९७५ साली बुलक समितीने आपल्या अहवालात म्हटले की, भाषेची जबाबदारी सर्वच विषयांच्या शिक्षकांनी घेतली पाहिजे. त्या अहवालाचा जगभर बोलबाला झाला. त्याआधी तीन वर्षे नर्मदाकाठची मुले आपल्या वह्यांत हेच करू लागली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

ह्या कथेचा शेवट गोड नाही. जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने विज्ञानाचा हा कार्यक्रम बंद केला. सामाजिक शास्त्राचाही त्याच वर्षी थांबला. तोवर तो अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पोहोचला होता. राज्यभर एकच पुस्तक असावे, हा आग्रह एका बाजूस होता. दुसऱ्या बाजूस उणिवाही खऱ्या होत्या. प्रयोगाचे साहित्य संपले की पेटी वेळेवर भरली जात नसे, आणि प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की वर्ग पुन्हा जुन्या वाटेने जाई. मासिक बैठकांत शिक्षक एकमेकांच्या अडचणी सोडवीत असत. ती वीण सैल झाली की पुस्तक एकटे पडते. शिक्षकाला वाचायला, लिहायला आणि शंका विचारायला सवड नसेल, तर मुलांना ती कोठून मिळणार?

तरीही जे बंद पडले ते वाया गेले असे म्हणण्याची घाई करू नये. पुण्याच्या टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये ह्या कामात वर्षभर राहिले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून खेळणी करण्याची त्यांची कला तेथेच अंकुरली व पुढे मराठी घरांघरांत आली. एकलव्यच्या ‘संदर्भ’ नियतकालिकावरून स्फूर्ती घेऊन पुण्यात मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले. २०१४ च्या नियमांनुसार शिक्षकांच्या बी. एड. अभ्यासक्रमात सर्व विषयांतील भाषा हा स्वतंत्र विषय आला. वर्ध्याहून निघालेला धागा असा फिरून आपल्या दारी आला आहे.

होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले. त्या सोळा शाळांतील पहिली मुले आज साठी ओलांडून गेली असतील. त्यांच्या वह्या राहिल्या असतील वा नसतील. परंतु पाहावे, बोलावे आणि मग आपल्या शब्दांत लिहावे ही सवय एकदा लागली की ती वही संपली म्हणून संपत नाही. उद्या आपल्या घरातले मूल शाळेतून आले म्हणजे ‘आज काय शिकवले’ हे जरूर विचारा. पण त्याबरोबर ‘आज तू स्वतः पाहून काय लिहिलेस’ हेही विचारा. उत्तर गणिताच्या वहीतून आले, तरी ते भाषेचेच असेल.