सेल्फ, हँडल आणि अनुमान

आपलं कोरेगाव भीमा पुणे-नगर रस्त्यावरचं गाव. पुढे रांजणगावला मोटारी तयार होतात, आणि बंद पडलेल्या मोटारी रस्त्याकडेच्या गॅरेजात येतात. आज आपण पाहणार आहोत तो इतिहास गाडी सुरू न होण्याचा.

पूर्वी पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू होई. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. डॉक्टरांनी त्याला ‘शोफरचं फ्रॅक्चर’ असं नावच दिलं. शिशाची बॅटरी प्लांते यांनी १८५९ मध्ये केलेली होतीच. केटरिंग यांनी तिच्यावर चालणारा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला तो बसला. आपल्याकडे फियाट-अ‍ॅम्बेसिडरसोबत हँडल पुढेही बरीच वर्षं मिळत असे. सेल्फ आला, श्रम गेले. पण हाताला कळणारं कारण नजरेआड झालं. चावी फिरवली, ‘टिक’ झालं, पुढे काही नाही. आता शोधायचं कसं?

सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त अनुमानाची रीत सांगितली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एक असताना दुसरं असतं का, आणि नसताना नसतं का, हे दोन्ही पाहायचं. जाणता वायरमन हेच करतो. तो गाडीतला आतला दिवा लावून चावी फिरवायला सांगतो. दिवा पार मंदावला, तर संशय बॅटरीवर, तिच्या टर्मिनलवर किंवा अडकलेल्या सेल्फवर. दिवा तसाच राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग चावीचा स्विच, रिले, सोलेनॉइड. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन लागत नाही? मग ठिणगी आणि इंधन बघा.

खरी गंमत बॅटरीपाशी आहे. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. तेवढे दिसले, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टचा फरक आला, तरी मधला जोड खराब आहे. पॉलिश पेपरने गंज काढून जोड आवळला की काम झालं.

पण आपण काय करतो? नवी बॅटरी बसवतो. बसवताना क्लॅम्प घासला जातो, घट्ट होतो, गाडी लागते, आणि आपण म्हणतो, ‘बॅटरीच गेली होती!’ एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. कारण कुठलं, हे सिद्धच झालं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या रीतीचं सार आहे.

मग या कारागिराला आपण तर्कज्ञ का म्हणत नाही? नदीपलीकडे पेरण्याचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले होते. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. त्या विभागणीत तर्क पोथीत राहिला आणि पाना दुसऱ्याच्या हाती. पोथीवाल्याने पाना धरला नाही, आणि पाना धरणाऱ्याच्या विचाराला आपण ‘जुगाड’ म्हणून मोकळे झालो. नुकसान दोघांचं झालं.

तेव्हा गॅरेजात ‘किती झाले?’ एवढंच विचारू नये. ‘कशावरून?’ असंही विचारावं, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावं.