दहा गोल कुणाच्या नावावर? हरलेल्या बचावफळीचा इतिहास कसा वाचायचा

आपल्याकडच्या कुठल्याही आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आपलं कॉलेज हरायला लागलं की कडेला उभ्या असलेल्या पोरांचा राग कुणावर निघतो, ते जरा लक्ष देऊन ऐका. पुढच्या फळीनं चार सोप्या संधी घालवल्या तर "नशीब नव्हतं राव". मागच्यानं एकदा पाय चुकवला की "ह्याला घेतलंच कुणी टीममध्ये?" गोल हुकला की विसरला जातो, पण गोल झाला की त्याला एक चेहरा लागतो. तो चेहरा बहुतेक वेळा फुलबॅकचा नाहीतर गोलकीपरचा असतो.

नांदेड-लातूरकडचे पेटची तयारी करणारे मित्र विचारतात, असला राग हा इतिहासाचा विषय होतो का? होतो. पण सिनॉप्सिसमध्ये "क्रीडाप्रेमींची नाराजी : एक ऐतिहासिक अभ्यास" एवढं लिहून भागत नाही. नाराजी कुणाची, कुणावर, आणि तिनं जे कारण सांगितलं ते खरं होतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची साधनंही वेगळी आहेत. एक मोठं उदाहरण घेऊन बघू.

१५ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. भारत विरुद्ध युगोस्लाव्हिया. निकाल १०-१. भारताचा एकमेव गोल अगदी शेवटी अहमद खान यांनी केला. समोरच्या झेबेक यांनी एकट्यानं चार मारले. भारताचे कर्णधार शैलेन मन्ना हे स्वतः बचावपटू. संघात हैदराबादचे अझीझुद्दीन आणि नूर मोहम्मद होते, आणि प्रशिक्षक होते हैदराबादचेच सय्यद अब्दुल रहीम. आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत याच रहीमसाहेबांच्या संघानं इराणला १-० नं हरवून सुवर्णपदक आणलं होतं. म्हणजे एका वर्षात कौतुकाचा थेट धिक्कार झाला.

या पराभवाचं जे कारण लोकांच्या तोंडी बसलं ते आजही तुम्ही ऐकता : आपले खेळाडू अनवाणी खेळले, थंडीत घसरले, म्हणून दहा गोल बसले. पुढे फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले, त्यामुळे या कारणावर जणू सरकारी शिक्काच बसला. इथं संशोधकानं थांबायला हवं. एखाद्या घटनेनंतर नियम बदलला, म्हणजे नियमानं ज्यावर बोट ठेवलं तेच कारण होतं, असं सिद्ध होत नाही. नियम करणाऱ्यांना जे दिसलं आणि जे बदलणं सोपं होतं, तेवढंच त्यातून कळतं. बूट विकत घेता येतात. खेळाची मांडणी बदलायला वर्षं लागतात.

आणि खरी मेख मांडणीत होती, असं माझं मत आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे निदान तीन खेळाडू असावे लागत, ते आता दोनवर आले. आघाडीला मोकळं रान मिळालं. त्यावर इंग्लंडमध्ये उपाय निघाला तो सेंटर हाफला मागं ओढून तिसरा बचावपटू करण्याचा. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलमुळे ही मांडणी गाजली आणि युरोपभर पसरली. आपल्याकडे मात्र मागं दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड ही जुनीच रचना पुढेही बराच काळ टिकून राहिली. आता विचार करा : समोरून पाच जण येताहेत आणि मागं दोघं उभे आहेत. त्या दोघांनी सोन्याचे बूट घातले असते तरी काय झालं असतं?

आणखी एक गोष्ट. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. ज्यांचा दम सत्तरेक मिनिटांसाठी घडला आहे, त्यांना ऑलिंपिकमध्ये पूर्ण नव्वद खेळायचं होतं. दमलेला फॉरवर्ड उभा राहिला तर चालतं, दमलेला बचावपटू उभा राहिला की गोल होतो. प्रेक्षकाला तो "आळशी" दिसतो.

तुलना हा आपल्या विषयातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा हातोडा आहे. तो इथे मारून बघू. भारताला दहा गोल घालणाऱ्या युगोस्लाव्हियानं पुढे काय केलं? सोव्हिएत संघाशी ५-५ बरोबरी, फेरसामन्यात ३-१, मग डेन्मार्कवर ५-३, जर्मनीवर ३-१, आणि अंतिम सामन्यात हंगेरीकडून ०-२ असा पराभव. म्हणजे फायनलआधीच्या चार सामन्यांत त्यांनी १६ गोल केले. सामन्याला चार! बूट घातलेल्या, थंडीची सवय असलेल्या संघांवर. तेव्हा दहापैकी चारेक गोल कुणालाही बसले असते असं धरलं, तर समजावून सांगायचे राहतात उरलेले सहा. प्रश्न "आपण का हरलो" हा नसून "आपण एवढ्या फरकानं का हरलो" हा आहे. प्रश्न असा आवळून घेतला की पाय, थंडी, दम, मांडणी ही सगळी कारणं नीट वजन करून ठेवता येतात.

चार वर्षांनी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला. १९५६, मेलबर्न, उपांत्य सामना. हंगेरीनं माघार घेतल्यानं पहिली फेरी न खेळताच पार झाली होती, आणि ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी हॅटट्रिक केली होती. युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताचाच, तोही नेव्हिल यांचाच. शेवटी हरलो ४-१ नं, त्यातला एक गोल आपल्याच मोहम्मद सलाम यांच्याकडून स्वतःच्या जाळ्यात गेला. दहावरून चारवर आलो. मोह होतो की "रहीमसाहेबांनी बचाव दुरुस्त केला" असं लिहून मोकळं व्हावं. पण हेलसिंकीतले झेबेक, बोबेक, मितिच हे मेलबर्नला आलेच नव्हते. समोरचा संघ नावानं तोच, माणसं वेगळी. सुधारणा झाली हे खरं, पण ती दहा वजा चार इतकी सरळ मोजता येत नाही. व्हायवाला बाहेरचा परीक्षक नेमकं इथंच धरतो.

आता तुम्ही म्हणाल, यात नांदेड-लातूर कुठं आलं?

१९५२ मध्ये नांदेड हा हैदराबाद राज्यातला जिल्हा होता, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं तेव्हा या भागाचं विद्यापीठ उस्मानिया होतं, कारण मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये आणि आपलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ मध्ये. रहीमसाहेब त्याच उस्मानियाचे पदवीधर, विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या संघातून खेळलेले. पेशानं शिक्षक, काही काळ काचीगुड्याच्या शाळेत. काचीगुडा म्हटलं की आपल्याला फक्त रेल्वे आठवते. मनमाड-काचीगुडा ही मीटरगेज लाईन नांदेडवरूनच जायची.

म्हणजे राज्य, विद्यापीठ, रेल्वे असं सगळं एकच. मग हैदराबादचा संघ इथल्या लोकांना "आपला" वाटत होता का? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. रहीमसाहेब ज्या संघाचे प्रशिक्षक होते तो हैदराबाद सिटी पोलीस. या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, १९५० मध्ये मोहन बागानला हरवून ड्युरँडही घेतला. पण पोलीस! सप्टेंबर १९४८ मधली लष्करी कारवाई होऊन दोनच वर्षं झाली होती. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेल्या घरांत निजामाच्या पोलिसांची आठवण कशी असेल, ते सांगायला नको. आणि दुसरी बाजूही आहे. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. झळ बसलेले बहुतेक मुसलमान होते. त्या संघातले गाजलेले बरेच खेळाडूही मुसलमान. आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या घराला कूपरेजवरचा तो विजय मिरवावासा वाटला असेल, आणि शेजारच्या घराला त्याची बातमी वाचावीशीही वाटली नसेल. "चाहते" हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिताना म्हणून हात आखडता घ्या. चाहता ही आधीच तयार असलेली वस्तू नाही. तो कसा घडला, हेच तर शोधायचं आहे.

साधनांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. फक्त मराठी वर्तमानपत्रं चाळून हा विषय होणार नाही. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेलं आणि पुढे अनंत भालेराव यांनी चालवलेलं 'मराठवाडा' वाचाच, पण त्याचा जीव राजकारणात होता. मैदानावरची भाषा हैदराबादेत उर्दू होती, इंग्रजी होती. उस्मानियाचं शिक्षणच मुळात उर्दूतून सुरू झालेलं. १९४९ मध्ये निघालेलं 'सियासत' वाचता येत नसेल तर तुमच्या प्रबंधात प्रेक्षक म्हणून फक्त मराठी माणसं उरतील, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही. लिपी शिकायला काही महिने जातात. जाऊ द्यात. गाईड "कशाला?" म्हणाले तर हे कारण सांगा.

दुसरं साधन घराजवळ आहे : कॉलेजची वार्षिक नियतकालिकं. त्यातलं जिमखान्याचं पान कुणी वाचत नाही, म्हणूनच ते वाचा. मात्र तिथं क्रीडाशिक्षक लिहितात, प्रेक्षक लिहीत नाहीत. "आमचा संघ चुरशीच्या लढतीत पराभूत झाला" या वाक्यामागे किती शिव्या गाडल्या आहेत ते त्यावरून कळणार नाही. त्यासाठी म्हाताऱ्या खेळाडूंच्या मुलाखती लागतील. मुलाखतीत थेट "बचाव कमकुवत होता का" असं विचारू नका. "मागं कोण कोण उभं राहायचं?" असं विचारा. नावं आली की आकडा येतो, आकडा आला की मांडणी येते, आणि मग तो माणूस स्वतःच सांगतो की दोघांवर किती भार होता.

एक निरीक्षण जाता जाता. आपला प्रेक्षक कबड्डीवर वाढलेला. कबड्डीत समोरचा चढाईला आला की मैदानातले सगळेच बचावाला. पकड सुटली तर दोष साखळीचा, एकट्या कोपरारक्षकाचा क्वचितच. असा प्रेक्षक फुटबॉलला आला की एकट्या फुलबॅकला का झोडपतो, हे मला अजून गंमतीचं वाटतं. बहुधा फुटबॉलमध्ये बचाव "त्यांचं काम" असं नेमून दिलेलं दिसतं म्हणून. रहीमसाहेबांनी ही नेमणूक जितकी मोडली तितकी फार कमी जणांनी मोडली असेल. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंग या बचावपटूला त्यांनी सेंटर फॉरवर्डला खेळवलं, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ मधला एक गोल जर्नैल यांनीच केला. त्याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात भारत याच कोरियाकडून ०-२ हरला होता. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये गेले.

विषय शोधत असाल तर एक धागा मोकळा पडलाय. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशा सलग दोन मोसमांत संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर कोण होतं? हैदराबाद आणि मुंबई. दोन्ही वेळा हैदराबाद जिंकलं. नांदेडच्या एखाद्या हॉटेलात त्या दिवशी रेडिओभोवती किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरभोवती जमलेल्यांनी कुणाच्या बचावफळीला शिव्या घातल्या असतील? त्या पिढीतली जी माणसं आज आहेत ती नव्वदीकडे झुकलीत. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघू नका, आधी त्यांना भेटून या.