स्नूपी आणि वाचकांचा लोभ

साहित्यातील कुत्रा बहुधा निष्ठेचे प्रतीक म्हणून वावरतो. वीस वर्षांनी परतलेल्या ओडिसियसला ओळखून प्राण सोडणारा आर्गॉस आणि महाप्रस्थानात धर्मराजाची साथ न सोडणारा श्वान ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या अमेरिकन चित्रमालिकेतील स्नूपी मात्र या परंपरेत बसत नाही. त्याला आपल्या धन्याचे नावही आठवत नाही. चार्ली ब्राऊन त्याच्या लेखी केवळ 'तो गोल डोक्याचा मुलगा' असतो. असे असूनही वाचकांचा अफाट लोभ त्याच्या वाट्याला आला. या लोभाचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे.

२ ऑक्टोबर १९५० रोजी ही मालिका सात वृत्तपत्रांतून सुरू झाली. दोनच दिवसांनी अवतरलेला स्नूपी हे चार पायांवर चालणारे साधे पिल्लू होते. १९५२ मध्ये त्याच्या डोक्यावर विचारांचा फुगा आला आणि कथनाची रचनाच पालटली. फुग्यातील मजकूर मालिकेतील मुलांना ऐकू जात नाही. तो केवळ वाचकाला कळतो. वाचक अशा रीतीने एका मुक्या प्राण्याच्या मनाचा एकमेव साक्षीदार ठरतो. लोभाचे मूळ या गुप्त विश्वासात आहे. पुढे स्नूपी दोन पायांवर उभा राहिला आणि १९५८ च्या अखेरीस आपल्या लाकडी घराच्या निमुळत्या छपरावर पहुडला. ते घर बहुतेक वेळा बाजूनेच रेखाटले जाते. आत व्हॅन गॉगचे चित्र आहे, असे कळते. दिसत मात्र काहीच नाही. संहितेतील ही रिकामी जागा वाचकाला भरावी लागते.

१९६५ मध्ये स्नूपी छपरावर टंकलेखन यंत्र घेऊन कादंबरीकार झाला आणि त्याच वर्षी पहिल्या महायुद्धातील वैमानिकही झाला. त्याच्याकडे मुक्त, आनंदी कल्पनाशक्तीचा पुतळा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु हे वाचन अपुरे आहे. त्याची हस्तलिखिते प्रकाशकांकडून साभार परत येतात. 'रेड बॅरन'कडून तो पुनःपुन्हा पराभूत होतो. शेवटी भूक लागते, आणि जेवणाचे ताट घेऊन तोच गोल डोक्याचा मुलगा येतो. स्वप्नालाही अपयशातून सुटका नाही, आणि स्वप्न पाहणाऱ्याचे पोट दुसऱ्याच्या दुर्लक्षित प्रेमावर भरते, हा या मालिकेचा गाभा होय.

लोकप्रियतेच्या लाटेत नेमका हाच गाभा निसटला. मे १९६९ मध्ये अपोलो १० मोहिमेतील चांद्रयानाला स्नूपीचे नाव मिळाले. पाठोपाठ बाहुल्या, सदरे, पेले, शुभेच्छापत्रे यांवर तो सर्वत्र दिसू लागला. तेथे तो फक्त नाचतो किंवा हसतो; त्याच्यामागे नकारपत्र नसते आणि ताट आणणारा मुलगाही नसतो. पात्राचे चिन्ह झाले की त्याचा संदर्भ गळून पडतो. कुत्र्याच्या वर्चस्वामुळे मालिका उथळ झाली, असा आक्षेप काही समीक्षकांनी घेतला. वस्तुतः उथळपणा मालिकेत नव्हे, तिच्यापासून तुटलेल्या या चिन्हात आहे.

१२ फेब्रुवारी २००० रोजी शुल्झ यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची अखेरची रविवारची चित्रपट्टिका छापून आली. सुमारे अठरा हजार चित्रपट्टिका त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या; ती रेखा दुसऱ्या कोणी पुढे चालवली नाही. संहिता पूर्ण झाली, चिन्हाचा व्यापार मात्र चालू राहिला. स्नूपीवरील लोभ खरा असेल, तर तो छपरावरून खाली उतरून ताट आणणाऱ्या मुलापर्यंत पोहोचला पाहिजे.