पन्नाशीतला पहिला नमस्कार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असे संपादिकाबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात अंबाजोगाईची योगेश्वरी, मुकुंदराज, दासोपंत असा एखादा विषय असावा. परंतु त्यावर माझ्याहून जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी निवडलेला इतिहास निराळा आहे. तो व्यायामाचा आहे, आणि त्यातही वय उलटू लागल्यावर सुरू केलेल्या व्यायामाचा. हा विषय मला कसा सुचला ते सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. आपण सगळ्याजणी सतरंजीवर बसलो होतो. वाण लुटून झाले, बायका उठू लागल्या, आणि मला उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, तरी मांड्यांत बळ येईना. शेवटी दोघींनी काखेत हात घालून मला उभी केली. "काकू, तिळगूळ फार खाल्ला वाटतं!" असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वेळी माझे वय 52 होते, आणि त्यांपैकी सत्तावीस वर्षे मी शाळेच्या कचेरीत टेबलाशी बसून काढली होती. घर ते शाळा स्कूटर, शाळा ते घर स्कूटर.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी आई अडुसष्टाव्या वर्षी अंगणात पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर नऊ महिने ती अंथरुणावर होती, आणि तिथूनच गेली. पडण्याच्या आधी कितीतरी वर्षे तीही अशीच भिंतीला धरून उठत असे. "वय झालं की असंच व्हायचं," असे आम्ही म्हणत होतो. आता माझ्या बाबतीत घरचे तेच म्हणू लागले होते.

माझ्या आजीचे मात्र तसे नव्हते. सत्तरी उलटल्यावरही ती चुलीपुढून हात न टेकता उठे. तिने जन्मात कधी व्यायाम केला नव्हता, निदान त्या नावाने नाही. पहाटे जाते, मग उखळ, मग आडावरून पाणी, मग शेत. जात्याच्या पाळीला हात, खांदा, कंबर सगळेच राबते. ओव्या म्हणत दळणाऱ्या त्या बायकांचे कौतुक आपण करतो, पण त्यांचे पाठ-कंबरेचे दुखणे कोणी ओवीबाहेर ऐकून घेतले नाही, हेही खरे. पुढे तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी आली, मग विजेची आली, नळ आला, गॅस आला. हे सारे आले ते चांगलेच झाले, जाते परत आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण कष्ट गेले तेव्हा त्या जागी दुसरे काही ठेवावे लागेल, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

पुरुषांना निदान तालीम होती. मारुतीच्या देवळाशेजारी लाल माती, मुद्गल, जोर, बैठका. निझामाच्या राज्यात आपल्या मराठवाड्यात आर्य समाजाने ज्या व्यायामशाळा चालवल्या, त्यांतून पुढे हैदराबादच्या लढ्याला तरुण मिळाले. या सगळ्या इतिहासात बाई कुठे, असे शोधू लागले तर तालमीच्या दारातच वाट संपते. बाईची सावली आखाड्यात नको, असा तो काळ.

दार किलकिले झालेले मला दिसले ते सातारकडच्या औंध संस्थानात. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 सालचा. चित्रकार, कीर्तनकार आणि हौशी गृहस्थ. त्या सुमारास युजीन सँडो या प्रशियात जन्मलेल्या बलभीमाची कीर्ती जगभर पसरली होती. 1905 साली तो हिंदुस्थानातही येऊन खेळ करून गेला. पंतप्रतिनिधींनी त्याच्या आधीच, 1897 साली, सँडोची पुस्तके आणि सगळी साधने विकत घेतली व दहा वर्षे नेमाने त्याची पद्धत चालवली. म्हणजे आज ज्याला आपली मुले 'जीम' म्हणतात तिचा हा पूर्वजच म्हणायचा. डंबेल्स काय, ताणायच्या दोऱ्या काय, सगळे काही होते!

पुढे 1908 साली, मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून, त्यांनी सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरला. त्यांचे वय तेव्हा चाळीस. त्या काळी चाळिशी म्हणजे सूनमुख पाहण्याचे वय, नवा नेम धरण्याचे नव्हे. पण या माणसाने तो धरला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. बीजमंत्र म्हणत, दहा स्थितींचा एक नमस्कार, असा त्यांचा प्रकार होता. हल्ली बारा स्थिती शिकवतात. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, चार हात जागा पुरते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. 1928 साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले.

मला त्यांच्याविषयी विशेष वाटते ते पुढच्या गोष्टीसाठी. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि ते मुलांबरोबर मुलींनाही. त्यांच्या राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलीबाळीही नमस्कार घालीत. पुढे विलायतेत 'न्यूज क्रॉनिकल' पत्राच्या लुईझ मॉर्गन या बाईंनी त्यावर लेख लिहिले, आणि 1938 साली त्यांनीच संपादलेले पंतप्रतिनिधींचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. एका लहानशा संस्थानातला दिवाणखान्यातला व्यायाम लंडनच्या गृहिणींच्या माजघरात जाऊन पोहोचला, आणि आपल्या घाटनांदूरच्या माजघरात माझ्यापर्यंत यायला त्याला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे लागली! आगगाडीचे स्टेशन गावात असूनही.

इथे प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे. पंतप्रतिनिधींची आणि माझी बरोबरी नाही. चाळिशीत नमस्कार धरणाऱ्या त्या गृहस्थांच्या पाठीशी दहा वर्षांचा सँडो होता. माझ्या पाठीशी सत्तावीस वर्षांची खुर्ची होती. मी त्यांचे पाहून हौसेने पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घालायला गेले. पाचव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुढचे आठ दिवस जिना उतरताना रडू येई. मग अंबाजोगाईच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, गुडघे पाहिले आणि म्हणाल्या, "गुडघा बरा आहे, मांडी गेली आहे. आधी खुर्चीवरून हात न लावता दहादा उठा-बसा करा. नमस्कार नंतर." ज्या खुर्चीने मला बसवले तीच आता उठवू लागली.

बसून राहण्याने काय होते याचा शोधही फार जुना नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघांची गाडी एक, रस्ता एक, राहणीही सारखीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर दिवसातून पाचसातशे पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकाराचे झटके कंडक्टरांना पुष्कळ कमी येत. हे 1953 साली छापून आले. (आपल्या एस. टी.ला वरचा मजला नाही, तरी गर्दीतून वाट काढणाऱ्या कंडक्टरकडे मी आता आदराने पाहते.) मॉरिस स्वतः पन्नाशी उलटल्यावर हॅम्पस्टेड हीथच्या मोकळ्या रानात धावू लागले, लोक वेड्यात काढीत असतानाही. 2009 साली ते वारले तेव्हा 99 वर्षांचे होते.

आणि ज्या गोष्टीने माझा सगळा संकोच घालवला ती बोस्टनची. 1990 साली तिथल्या एका वृद्धाश्रमातील 86 ते 96 वर्षे वयाच्या दहा जणांना मांड्यांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकाला मध्येच सोडावे लागले. बाकी नऊ जणांच्या पायांतले बळ आठ आठवड्यांत सरासरीने पावणेतीनपट झाले, आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत! हे वाचल्यावर माझी आई आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. तिला कोणी उठा-बसा करायला सांगितले असते तर? तिने ऐकले असते का, तेही मला सांगता येत नाही. तिला विश्रांती घ्या, जपून राहा, असेच सगळे सांगत होतो, आणि त्यात मी पुढे होते.

मासिक पाळी थांबल्यावर बाईचे हाड भराभर ठिसूळ होऊ लागते, आणि हाडाला नि स्नायूला ओझे दिले तरच ते धरून राहतात, असे आता वैद्यकशास्त्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली ठरवून दिले आहे की आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे-फिरणे हवे आणि दोन दिवस बळाचा व्यायाम हवा. म्हणून मला वाटते, पंतप्रतिनिधींनी सँडो अगदीच टाकला ते आपल्या वयाच्या बायकांना सोयीचे नाही. नमस्कारही हवा, आणि थोडे वजनही हवे.

वजनासाठी मी गावातल्या मुलांच्या जीममध्ये गेले. दारातच एक मुलगा म्हणाला, "मावशी, कोणाला बोलवू?" त्याला वाटले, मी कुणाची तरी आई, मुलाला शोधायला आले. "कोणाला नको, मलाच यायचंय," म्हटल्यावर तो इतका गोंधळला की हातातले वजन खाली ठेवायचे विसरला. घरी तर जाऊबाई महिनाभर "आमच्या पैलवानीण" म्हणत होत्या. पण त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी भिंतीला टेकून कसे बसायचे, पाठ कशी ठेवायची, श्वास कुठे सोडायचा हे इतक्या नीट दाखवले की कुणी पोटच्या पोराने दाखवावे. सकाळी अकरा ते बारा ही वेळ रिकामी असते, ती त्यांनी बायकांसाठी ठेवली. साडी अडचणीची होते म्हणून मी पंजाबी ड्रेस शिवला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिला.

आज माझे सात नमस्कार होतात, बारा नाही. सहाव्याला अजून गुडघा टेकतो. यंदाच्या हळदीकुंकवाला सतरंजीवरून उठताना एक हात टेकावा लागला, पण एकच.

सध्या आम्ही चौघी आहोत. चौथ्या जाऊबाई. त्या शनिवारी येत नाहीत, उपास असतो म्हणतात. जीममध्ये चार किलोची डंबेल्स दोनच असल्यामुळे पाळी लावावी लागते. मंडळाच्या शिलकेतून आणखी एक जोडी घेता येईल का, हा विषय पुढच्या सभेत मी मांडणार आहे.