अभ्यंकर, श्रीराम शंकर

(२२ जुलै १९३० – २ नोव्हेंबर २०१२). बैजिक भूमितीत मूलभूत काम केलेले मराठी गणिती. जन्म उज्जैनचा, बालपण ग्वाल्हेरचे. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचेच प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये बी.एससी. होऊन श्रीराम हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये पीएच.डी. झाले. कोलंबिया, कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स असे मुक्काम करत १९६३ मध्ये ते इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले.

शाळेत नववीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बहुपदी’ नावाचे प्रकरण येते. अभ्यंकरांचे जवळजवळ सगळे संशोधन याच बहुपदींवर झाले. ‘य चा वर्ग बरोबर क्ष चा घन’ हे समीकरण आलेखावर काढले, तर आरंभबिंदूपाशी वक्राला टोक येते. जिथे वक्र असा टोकदार होतो किंवा स्वतःलाच छेदतो, त्या बिंदूला सिंग्युलॅरिटी म्हणतात. आता य च्या जागी ‘क्ष गुणिले झ’ लिहा आणि दोन्ही बाजूंना क्ष च्या वर्गाने भागा. उरते ‘झ चा वर्ग बरोबर क्ष’, म्हणजे साधा पॅराबोला. टोक नाहीसे झाले. वक्रांपुरते हे पुरते. पृष्ठभागांवर आणि त्याहून वरच्या मितींत मात्र एक टोक घालवावे तर दुसरे उगवते, आणि ही प्रक्रिया कधीतरी थांबते हे सिद्ध करणेच कठीण.

झारिस्कींनी नेहमीच्या संख्यांच्या जगात पृष्ठभागांचा आणि त्रिमितीय आकारांचा प्रश्न सोडवला होता. अभ्यंकरांनी प्रबंधासाठी निवडले दुसरे जग. तिथे एखाद्या मूळ संख्येइतक्या वेळा १ मिळवला की बेरीज शून्य होते; घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो त्यातला प्रकार. या जगात कॅल्क्युलसची ओळखीची हत्यारे बोथट होतात. पृष्ठभागांच्या सिंग्युलॅरिटी तिथेही घालवता येतात, हे त्यांनी दाखवले. तो निबंध १९५६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. १९६६ च्या पुस्तकात त्यांनी मजल त्रिमितीपर्यंत नेली, मात्र २, ३ आणि ५ या मूळ संख्या वगळून. मधल्या काळात, १९६४ मध्ये, झारिस्कींचेच दुसरे शिष्य हेसुके हिरोनाका यांनी नेहमीच्या संख्यांसाठी सर्व मितींचा प्रश्न निकाली काढला. १९७० चे फील्ड्स पदक त्यांना मिळाले. अभ्यंकरांनी वगळलेल्या तीन संख्यांसाठी २००८-०९ पर्यंत, कोसार आणि पिल्तां यांच्या निबंधांपर्यंत, थांबावे लागले. ती तीन अपवादांची अट किरकोळ नव्हती, हे एवढ्यावरून कळावे.

१९५७ मध्ये त्यांनी एक अटकळ मांडली. नेहमीच्या संख्यांच्या जगात सरळ रेषेवर, कुठेही दुमड न पडता, दुसरा अखंड वक्र अनेक पदरांनी पसरता येत नाही. मूळ संख्येच्या जगात येतो, आणि त्या पदरांच्या अदलाबदलीतून एक सांत गट तयार होतो. कोणते गट असे मिळतील? अभ्यंकरांचे उत्तर : ज्या गटांची उभारणी त्या मूळ संख्येच्या घाताइतकी कोटी असलेल्या घटकांतून होते, ते सगळे आणि तेवढेच. पुढे कित्येक वर्षे या अटकळीकडे फारसे कुणी वळले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गणिती झाँ-पिएर सेर यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि अभ्यंकर पुन्हा त्यात उतरले. सिद्धता दिली ती मिशेल रेनो (रेषेसाठी) आणि डेव्हिड हारबेटर (इतर वक्रांसाठी) यांनी, १९९४ मध्ये. दोघांना १९९५ चे कोल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धतांतून गट ‘असतो’ एवढे कळते. अभ्यंकरांना समीकरण हातात हवे असे. ‘य चा २३वा घात, अधिक क्ष गुणिले य चा घन, अधिक १, बरोबर शून्य’ : एवढ्याशा समीकरणातून, १ अधिक १ शून्य होणाऱ्या जगात, एक कोटीहून अधिक घटकांचा दुर्मीळ माथ्यू गट निघतो. अशी समीकरणे त्यांनी पुष्कळ शोधली.

हा आग्रह काळाच्या उलट होता. गणिती ग्रोथेंडीक यांच्यानंतर बैजिक भूमिती फार अमूर्त झाली होती. अभ्यंकर मात्र आपल्या विषयाला ‘हायस्कूल अल्जिब्रा’ म्हणत आणि मिरवत. त्यावरच्या त्यांच्या ऐतिहासिक लेखाला १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. हा निव्वळ हट्ट नव्हता, याचा पुरावा १९७५ चा अभ्यंकर-मोह सिद्धांत. ट च्या दोन बहुपदींपासून बेरीज-गुणाकार करत पुन्हा ट मिळवता येत असेल, तर नेहमीच्या संख्यांच्या जगात एकीची कोटी (म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घात) दुसरीच्या कोटीला भागतेच. उदाहरणार्थ, एक ‘ट चा वर्ग’, दुसरी ‘ट अधिक ट चा चौथा घात’. दुसरीतून पहिलीचा वर्ग वजा केला की ट उरतो, आणि कोटी आहेत २ व ४. विधान शाळकरी, सिद्धता नव्हे. जपानमध्ये सुझुकींनी स्वतंत्रपणे, वेगळ्या मार्गाने, हाच निष्कर्ष काढला होता.

१९८० च्या दशकात ते यंग टॅब्लोंकडे वळले. टॅब्लो म्हणजे ठरावीक नियमाने आकडे भरलेल्या चौकटी. इंग्लंडमधले धर्मोपदेशक आल्फ्रेड यंग यांनी १९०० च्या सुमारास त्या आणल्या. प्रतिरूपण सिद्धांतात, म्हणजे गटांना सारण्यांच्या रूपात मांडण्याच्या शास्त्रात, त्यांना फार मोल आहे. तीन चौकटींच्या तीन मांडण्यांत आकडे अनुक्रमे १, २ आणि १ प्रकारे भरता येतात. वर्गांची बेरीज ६, म्हणजे तीन वस्तूंच्या क्रमबदलांची संख्या. अभ्यंकरांनी अशा मोजणीतून सारणीच्या निश्चयकांनी बनणाऱ्या भूमितीय आकारांची सूत्रे काढली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८८ चे.

पुण्याशीही त्यांचा संबंध होता. १९७६ मध्ये त्यांनी तिथे भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणित संशोधन संस्था स्थापली. केंटकीत अध्यापन केलेले अविनाश साठये आणि मुंबई आयआयटीतले सुधीर घोरपडे हे त्यांचे पर्ड्यूतले शिष्य. घोरपडे यांनी टॅब्लो आणि निश्चयकांचे काम पुढे चालवले.