आकाशचित्रांची सामाईक मांडणी

कल्याण बंदरांतील माल एके काळीं नाणेघाट चढून जुन्नरास जात असे. त्या घाटांतील लेण्यांत सातवाहनकालीन लेख असून त्यांत यज्ञदक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत. परंतु पुढें ती ब्राह्मी लिपि विस्मृतींत गेली. इ. स. १८३७ मध्यें जेम्स प्रिन्सेपनें ती उलगडीपर्यंत पाहणाऱ्यास अक्षरें दिसत, अर्थ मात्र कळत नसे.

विसाव्या शतकांत खगोलशास्त्रज्ञांपुढें असेंच संकट आलें. दुर्बिणींतून मिळालेलीं चित्रें अंकरूपानें चुंबकीय फितींवर सांठवीत. पण प्रत्येक वेधशाळेची मांडणी निराळी, म्हणून एकीची फीत दुसरीस वाचतां येईना. १९७९ सालीं अमेरिकेंत डॉन वेल्स व एरिक ग्रायसन यांनीं ‘फिट्स’ ही सामाईक मांडणी ठरविली. १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय खगोल संघानें तिला मान्यता दिली.

तिची युक्ति साधी आहे. चित्राच्या आरंभींच, ८० अक्षरांच्या ओळींत, चित्राचा आकार व अंक कसे वाचावे हें साध्या अक्षरांत लिहिलेलें असतें. बहुधा दुर्बिणीचें नांव व वेधाची तारीखहि असते. मग अंक येतात. शिवाय कोणतीहि नवी सुधारणा जुनें चित्र निरुपयोगी करणार नाहीं, असा दंडक आहे.

त्याच जुन्नर तालुक्यांत खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिनें २०१० ते २०१२ या काळांत केलेल्या आकाशपाहणीचीं चित्रें पुढें फिट्स रूपानें जगास खुलीं झालीं. त्यांवरून सहा लाखांहून अधिक रेडिओ-उगमांची यादी सिद्ध झाली. हीं चित्रें कोणत्याहि देशाच्या अभ्यासकास उघडतां येतात, आणि शंभर वर्षांनीं तीं वाचूं पाहणाऱ्यासहि त्यांची किल्ली चित्राच्या पहिल्याच ओळींत सांपडेल.